खोडलेल्या भावाचं नाणं

(काळा पडदा. मखमलीवर सोन्याचं एक नाणं. कॅमेरा हळूहळू जवळ.)

वजन सव्वासात ग्रॅमच्या आसपास. पाऊण तोळ्यालाही थोडं कमीच. आकार आपल्या रुपयाएवढा. रोमन लोक याला ऑरियस म्हणत. चांदीचे 25 डिनेरियस मोजले की असा एक ऑरियस हातात पडे.

दर्शनी बाजूला दाढीवाला सम्राट, सेप्टिमियस सेव्हेरस. पण हे नाणं उलटं करूनच बघावं.

(नाणं उलटतं.)

मधे आई, ज्युलिया डोम्ना. ती थेट आपल्याकडे बघते आहे. रोमन नाण्यांवर चेहरा बहुधा एका बाजूनेच दिसतो, असा समोरून क्वचित. डावीकडे थोरला मुलगा कॅराकॅला, डोक्यावर पानांचा मुकुट. उजवीकडे धाकटा गेटा, डोकं उघडं. थोरला 198 सालीच बापाच्या बरोबरीने ‘ऑगस्टस’ म्हणजे सम्राट झालेला, धाकटा नुसता ‘सीझर’, म्हणजे त्याखालची पदवी. कडेने लॅटिन अक्षरं: ‘फेलिसिटास सेक्युली’. युगाचं सौख्य.

हे साधारण 202 सालचं. एवढं सौख्य सोन्यावर छापून सांगावं लागत होतं, कारण घराणं नवं होतं. सेव्हेरस आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्नाचा, डोम्ना सीरियातल्या पुजाऱ्याची लेक. 193 साली रोममध्ये अंगरक्षकांनीच सम्राटाचा खून करून गादी चक्क लिलावात काढली. दिदियस ज्युलियानसने ती विकतही घेतली! तेव्हा सेव्हेरस डॅन्यूबकाठच्या फौजेनिशी राजधानीवर चालून आला. तलवारीने गादी मिळाली, पण कूळ कुठून आणायचं? त्याने स्वतःला मार्कस ऑरेलियस या आधीच्या नावाजलेल्या सम्राटाचा मुलगा म्हणून जाहीर केलं. मार्कस ऑरेलियसला जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. एकाने तोंडावर अभिनंदन केलं: बाप सापडला, बरं झालं!

शिपायांचे पगार वाढले, तशी डिनेरियसमधली चांदी जवळपास निम्म्यावर आली. सोन्याला मात्र त्याने हात लावला नाही.

211. ब्रिटनमधलं यॉर्क. मरताना सेव्हेरसने मुलांना सांगितलं, एकीने राहा, शिपायांना श्रीमंत करा, बाकीच्यांना मोजू नका. इतिहासकार कॅशियस डिओने हे लिहून ठेवलंय. त्यातली एकी वर्षभरही टिकली नाही. त्याच डिसेंबरात समेटाच्या नावाखाली बोलावलेला गेटा कॅराकॅलाच्या कटात आईच्या कुशीत मारला गेला. त्या झटापटीत तिच्याही हाताला जखम झाली. तिला रडायचीसुद्धा मुभा नव्हती.

(रोमच्या फोरममधली, म्हणजे जुन्या मुख्य चौकातली, सेव्हेरसची कमान.)

मग खोडाखोड सुरू झाली. या कमानीवर गेटाच्या नावाच्या जागी दुसरेच शब्द आले. जुनी धातूची अक्षरं बसवायची भोकं मात्र अजून दिसतात. बर्लिनमध्ये याच कुटुंबाचं लाकडी फळीवरचं चित्र आहे. त्यात गेटाचा चेहरा खरवडून काढलाय. त्याची नाणीही वितळवली, असं डिओ सांगतो.

पण सोनं एका जागी थांबतं थोडंच? ते थैल्यांत गेलं, जमिनीत पुरलं गेलं, समुद्र ओलांडून गेलं. दक्षिण भारतात सापडलेल्या कितीतरी रोमन सुवर्णनाण्यांना भोकं पाडलेली आहेत, दागिन्यात ओवायला. सगळीकडून ते परत कोण गोळा करणार?

कॅराकॅला 217 मध्ये मारला गेला. घराणं पुढे 235 पर्यंत चाललं, तेही डोम्नाच्या बहिणीच्या नातवांमुळे.

(पुन्हा नाणं.)

इथे गेटा जेमतेम तेरा वर्षांचा आहे. तोंड भावाकडे. मधे आई.