जन्मगाव न्यूर्नबर्ग: ओतारी, सोनार, कुलूपवाला आणि चंद्र काढणारी पोरगी

(दृश्य: सेबाल्ड चर्च, पितळी समाधीचा खालचा भाग, अगदी जवळून)

हा माणूस नीट बघा. दाढी वाढलेली, डोक्याला टोपी, पुढे चामड्याचं ॲप्रन, हातात अवजारं. हा कुणी संत नाही, राजा तर नाहीच नाही. हा पेटर फिशर, धंद्याने ओतारी. जर्मनीतल्या न्यूर्नबर्ग गावात 1455 च्या सुमाराला जन्मला, इथेच भट्टी चालवली, 1529 मध्ये इथेच गेला. आणि ही जी अख्खी पितळी समाधी दिसतेय ना, गावाच्या संताची, ती याने आणि याच्या पोरांनी मिळून ओतली. 1508 ला हात घातला तो 1519 ला काम पुरं झालं.

(कॅमेरा खाली, गोगलगायी)

सगळा डोलारा कशावर उभा आहे बघा, गोगलगायींच्या पाठीवर. टनावारी पितळ आणि खाली गोगलगायी, म्हणजे माणसाला विनोदाचं अंग होतं. ओतकाम कसं चालायचं, तर आधी नमुना, त्यावर मातीचे थर, आत ओतायला पोकळी राखायची, मग रसरसलेलं पितळ एका दमात ओतायचं कारण मधे थांबलात की सांधा राहिला, आणि थंड झालं की माती फोडून दिवसचे दिवस कानस घेऊन बसायचं. हे सगळं तुकड्या-तुकड्याने केलंय आणि मग जोडलंय. आणि एवढं झाल्यावर या पठ्ठ्याने काय केलं, समाधीच्या एका अरुंद बाजूला संत सेबाल्ड उभा केला आणि दुसऱ्या अरुंद बाजूला स्वतःला. कामाच्या कपड्यात. न्यूर्नबर्गच्या मोठ्या माणसांची गोष्ट सांगायची तर आम्हाला वाटतं ती इथूनच सुरू व्हायला हवी.

(दृश्य: मुख्य चौक, फ्राउएनकिर्शं, दुपारचे बारा, घड्याळातल्या बाहुल्या फिरतायत)

तसे राजेही जन्मलेत इथे. चौथ्या कार्ल बादशाहाचा मुलगा व्हेन्झेल 1361 मध्ये, दुसरा मुलगा सिगिस्मुंड 1368 मध्ये, तो पुढे सम्राटही झाला. घड्याळात मधे बसलाय तो त्यांचा बाप, आणि रोज दुपारी बाराला बादशाह निवडण्याचा मान असलेले सात मानकरी त्याच्याभोवती फेऱ्या मारतात, 1509 पासूनची ही करामत आहे. या चर्चची जागा ज्यूंच्या सिनेगॉगची, म्हणजे प्रार्थनास्थळाची होती, 1349 मध्ये ते पाडलं आणि मग हे चर्च उभं राहिलं. राजांचं एवढं पुरे.

(दृश्य: टियरगेर्टनर दरवाजा, ड्यूररचं घर, खालचे दोन मजले दगडी, वरचे लाकडी चौकटीचे)

आता याचं नाव तुम्ही ऐकलेलंच असणार. अल्ब्रेख्त ड्यूरर, जन्म 21 मे 1471. चित्रकार म्हणून जगभर नाव, पण बाप सोनार, हंगेरीतून पोट भरायला आलेला, आणि हा पोरगा आधी बापाच्याच दुकानात बसला. सोनार धातूवर नक्षी कोरतो तेच टोकदार हत्यार पुढे याने तांब्याच्या पत्र्यावर चालवलं. तेरा वर्षांचा असताना आरशात बघून काढलेलं स्वतःचं चित्र आहे, 1484 चं, चांदीच्या तारेने कागदावर. चांदीची रेघ खोडता येत नाही हो. चुकली तर चुकली. त्या वयात आपण काय करत होतो याचा विचार न केलेलाच बरा.

हे घर त्याने 1509 मध्ये घेतलं आणि 1528 मध्ये मरेपर्यंत इथेच राहिला. युद्धात मार बसला तरी घर वाचलं.

(दृश्य: घरातला छापखाना, लाकडी ठसा, शाईचा गोळा फिरतोय, कागद उचलला जातोय)

इथे जरा थांबू, कारण हे आम्हाला मनासारखं शूट करता आलं. लाकडाची फळी घ्यायची, बहुतेक वेळा पेअरच्या झाडाची, कारण ते लाकूड घट्ट असतं. त्यावर चित्र काढायचं, उलटं. मग जिथे जिथे कागद पांढरा राहायला हवा तिथलं लाकूड सुरीने काढून टाकायचं, रेघा तेवढ्या उभ्या ठेवायच्या, केसाएवढ्या रेघा, एक टवका उडाला की फळी गेली. वर शाई, त्यावर कागद, वरून दाब. आता मजा अशी की ड्यूररसारखे लोक चित्र काढायचे, पण फळी कोरायला बऱ्याचदा वेगळा माणूस असायचा, आणि त्या कोरणाऱ्यांपैकी बहुतेकांची नावंसुद्धा आज माहीत नाहीत. सही मात्र ए आणि डी. आणि विकायचं कोण, तर बायको आग्नेस. तीही न्यूर्नबर्गचीच. फ्रांकफुर्टच्या जत्रेत जाऊन नवऱ्याची चित्रं विकायची. तिचं घर आज ड्यूररच्या नावाने ओळखलं जातं.

(दृश्य: गेंड्याचं चित्र, हळूहळू जवळ)

आणि हा गेंडा. याचा धागा थेट आपल्या गोव्याला जाऊन मिळतो. गुजरातचा सुलतान मुजफ्फरशहा याने हा गेंडा पोर्तुगिजांचा गव्हर्नर अल्बुकर्क याला भेट दिला, अल्बुकर्कने तो गोव्याहून जानेवारी 1515 मध्ये जहाजात चढवला आणि 20 मे ला गेंडा लिस्बनला उतरला. युरोपात कित्येक शतकांत कुणी जिवंत गेंडा बघितला नव्हता, त्यामुळे नुसती झुंबड. ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. त्याच्या हाती पडलं एक पत्र आणि एक कच्चं रेखाटन, बस. त्यावरून त्याने हे काढलं. कातडीचे पट्टे बघा, चिलखताचे पत्रे रिव्हेटने जोडावेत तसे आहेत, आणि मानेमागे पाठीवर एक जादा छोटं शिंग, जे कुठल्याच गेंड्याला नसतं. न्यूर्नबर्ग चिलखतं बनवणारं गाव, आजूबाजूला तेच दिसत होतं. पुढे दोनेकशे वर्षं युरोपात गेंडा म्हटलं की हाच. खरा गेंडा पोपसाठी भेट म्हणून रोमला निघाला आणि इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला.

(दृश्य: जर्मॅनिक राष्ट्रीय संग्रहालय, काचेत पृथ्वीचा गोल)

आता हा गोल. आज शिल्लक असलेला पृथ्वीचा सगळ्यात जुना गोल. नाव लागतं मार्टिन बेहाइमचं, 1459 चा न्यूर्नबर्गचा जन्म, व्यापारी घरातला, पोर्तुगालला गेला, तिथल्या दरबारात वावरला, आणि गावी आला तेव्हा त्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली. गोलाचं काम 1492 च्या आसपासचं. म्हणजे कोलंबस तिकडे समुद्रात आणि इकडे ही मंडळी गोलाला रंग देतायत, त्यामुळे यावर अमेरिका नाही. युरोपातून पश्चिमेला निघालात की सरळ आशियाच. आणि आपला भारत शोधायला गेलात तर ओळखूच येणार नाही, कारण टॉलेमी या प्राचीन भूगोलकाराची जुनी माहिती वापरलीये.

पण गोल बनवला कसा? कागदाच्या लगद्याचा गणपती साच्यावर करतात ना, साधारण तशीच रीत. मातीचा गोळा, त्यावर लिननच्या कापडाचे थर सरसात भिजवून बसवलेले, वाळलं की मधून कापून दोन वाट्या वेगळ्या करायच्या, आतली माती काढायची, लाकडी कडी घालून आतून आधार द्यायचा, पुन्हा जोडायचं, वरून चर्मपत्र, आणि मग रंग. व्यास साधारण अर्धा मीटर, त्यावर दोन हजारांवर नावं, राजे, झेंडे, जलपऱ्या. गोळा घडवला रुप्रेख्त कोलबेर्गरने, रंगवला गेओर्ग ग्लॉकेनडोनने. ही नावं आपल्याला कळतात कारण गावाच्या नगरसभेने पैसे मोजले आणि हिशोबाचा कागद टिकला. बरं झालं हिशोब लिहिणारे कारकून चोख होते. 2023 मध्ये युनेस्कोने या गोलाला जागतिक स्मृतींच्या यादीत घेतलं.

(दृश्य: खिशातली जुनी घड्याळं, चाकं, स्प्रिंग)

याच संग्रहालयात घड्याळं. पेटर हेनलाइन, 1485 च्या सुमाराचा जन्म, कुलूपं बनवणारा. 1504 मध्ये एका मारामारीत त्याच्या धंद्यातलाच एक जण मेला, त्यात हा अडकला आणि चार वर्षं मठात आसरा घेऊन राहिला. बाहेर आल्यावर त्याची छोटी घड्याळं गाजली. 1511 च्या एका पुस्तकात कोख्लॉइस नावाचा गावातला मास्तर लिहितो की हा तरुण पोरगा लोखंडाची, पुष्कळ चाकांची घड्याळं करतो, ती चाळीस तास चालतात, ठोके देतात आणि छातीशी किंवा बटव्यात ठेवता येतात. काटा एकच, तासाचा. घड्याळाचा शोध यानेच लावला असं पर्यटकांना सांगतात, ते जरा जास्तच झालं, पीळदार स्प्रिंग त्याच्या आधीपासून होती. पण कुलपातली स्प्रिंग आणि घड्याळातली स्प्रिंग ज्याच्या हाताला सारखीच सवयीची होती असा हा माणूस, आम्हाला एवढं पुरेसं वाटतं.

(दृश्य: किल्ल्याची तटबंदी, बुरुजावरची बाग, मग संध्याकाळ, चंद्र)

हा बुरुज. आता इथे बाग आहे, लोक बाकांवर निवांत बसतात. 1678 मध्ये इथे गेओर्ग क्रिस्टोफ आइमार्टने वेधशाळा मांडली होती. तो पेशाने नक्षी कोरणारा, आकाशाचं वेड लागलेला. आणि त्याची मुलगी मारिया क्लारा, जन्म 27 मे 1676, इथेच न्यूर्नबर्गमध्ये. बापाने तिला चित्रकला, गणित, लॅटिन सगळं शिकवलं, कारण शाळा-विद्यापीठाचं दार तिला बंदच. 1693 ते 1698, रात्री दुर्बिणीला डोळा लावून तिने चंद्र काढला. साडेतीनशेच्या वर चित्रं.

(दृश्य: निळ्या कागदावरचा चंद्र, चित्राची प्रत, जवळून)

निळा कागद, त्यावर पांढरट-पिवळट खडू. उजेड आणि अंधार जिथे मिळतात ती कड बघा, तिथेच खड्डे सगळ्यात स्पष्ट दिसतात, आणि तिने तिथेच जास्त मेहनत घेतलीये. पौर्णिमेचा चंद्र उलट सपाट दिसतो, त्यात काढायला कमी असतं, हे दुर्बिणीतून बघणाऱ्याला लगेच कळेल. एकेक तिथीला एकेक चित्र, ढग आले तर महिनाभर वाट बघायची. यातली काही चित्रं इटलीत बोलोन्याला गेली, ती आजही तिथे आहेत. 1706 मध्ये तिने खग्रास सूर्यग्रहण टिपलं, त्याच वर्षी लग्न झालं. 1707 मध्ये बाळंतपणात गेली, एकतीस वर्षांची होती.

(संगीत वर येतं)

हे मागे वाजतंय ते ओळखीचं वाटतंय ना? हॉटेलच्या लॉबीत, लग्नाच्या व्हिडिओत, सगळीकडे हेच. योहान पाखेलबेलचा कॅनन. पाखेलबेल 1653 चा, न्यूर्नबर्गचाच, बाहेरगावी नोकऱ्या करून 1695 मध्ये परत आला आणि ज्या चर्चमध्ये आपण सुरुवातीला होतो तिथेच ऑर्गन वाजवायला लागला. प्रसिद्ध संगीतकार बाखच्या थोरल्या भावाला शिकवणारा गुरु हाच. कॅनन मात्र दोनशे वर्षं कुणी विचारलासुद्धा नाही.

(दृश्य: पेन्सिलींचं दुकान)

पेन्सिली दाखवल्याशिवाय पुढे जाववत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्यांना ही निळी पेन्सिल लगेच आठवेल. कंपनी काढणारा योहान सेबास्टियान स्टेडलर 1800 मध्ये न्यूर्नबर्गलाच जन्मला, 1835 मध्ये स्वतःचा कारखाना टाकला, पण त्याच्या घराण्यात पेन्सिलीचं काम सतराव्या शतकापासूनचं.

(दृश्य: जुन्या गावाचं ड्रोनमधून दिसणारं रूप, लाल कौलं)

वरून दिसतंय ते बरंचसं पुन्हा बांधलेलं आहे. 2 जानेवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जुनं गाव जवळपास सगळं पडलं. त्याआधीचे नाझींचे मेळावे, 1935 चे ज्यूविरोधी कायदे, युद्धानंतरचा नाझी नेत्यांवरचा खटला, हे तुम्हाला माहीत आहेच. ज्यूंना गावाने 1499 मध्येही बाहेर काढलं होतं आणि पुढची साडेतीनशे वर्षं राहू दिलं नव्हतं. आर्नो हांबुर्गर, 1923 चा इथलाच जन्म, 1939 मध्ये पॅलेस्टाइनला निसटला आणि 1945 मध्ये ब्रिटिश सैन्याच्या गणवेशात गावी परतला, पुढे कित्येक वर्षं इथला नगरसेवक होता.

(दृश्य: पांढरा मनोरा, कारंजं, नवरा-बायकोचे पुतळे)

आणि हे कारंजं. प्रेमात पडलेलं जोडपं, मग पोरं, मग जाडी, मग एकमेकांचे गळे धरलेले, शेवटी सांगाडे. शिल्प 1984 चं, युर्गेन वेबरचं, पण कविता हान्स झाक्सची. हान्स झाक्स, जन्म 1494, शिंप्याचा मुलगा, स्वतः जोडे शिवणारा, आणि दिवसभर जोडे शिवून हजारो गाणी, नाटकं, किस्से लिहिणारा. त्यांची गायकांची मंडळी असायची, सगळे कारागीर, कुणी गायला उभा राहिला की पडद्याआड परीक्षक बसून चुका मोजायचे. 1527 मध्ये पोपविरुद्ध पुस्तक काढलं म्हणून नगरसभेने त्याला तंबी दिली, लिहिणं सोड, जोडे शिव. तो काही दिवस गप्प बसला आणि मग परत लिहायला लागला. 1576 मध्ये गेला. कारंज्याच्या खाली मेट्रो स्टेशनची हवा बाहेर टाकणारं भोक आहे, ते झाकायला हे सगळं उभारलं. खर्चावरून आणि बीभत्स आहे म्हणून गावात मोठा गदारोळ झाला होता तेव्हा. आता नवीन लग्न झालेली जोडपी इथे फोटो काढायला येतात, बहुधा कविता न वाचताच.