आधी पाणी, मग प्रश्न

(तालुक्यातल्या एका केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

मंडळी, आपल्याकडे दारात कुणी आलं की त्याला पडवीत बसवतात. आतून तांब्याभांडं येतं, सोबत गुळाचा खडा. उन्हातून आलेला माणूस पाणी पितो, घाम पुसतो, जरा टेकतो. मग घरातली म्हातारी विचारते, “काय काम काढलंस?” कोकणातल्या गरिबातल्या गरीब घरातही हा क्रम चुकत नाही.

शाळेत तो चुकतो. मूल डोंगर उतरून, वहाळ ओलांडून, एसटी चुकली म्हणून चालत येतं आणि दारातच त्याच्या पुढ्यात प्रश्न येतो, “उशीर का झाला?” मी २८ वर्षं माध्यमिक शाळेत शिकवलं. त्यातली पहिली बारा-तेरा वर्षं मीही हेच करत होते. ते कशाने थांबलं, ते आधी सांगते.

आठवीच्या वर्गात बंदरावरच्या वाडीतली एक मुलगी होती. तिची ओळख लागू नये म्हणून गाव आणि साल सांगत नाही. नारळी पौर्णिमा होऊन होड्या पाण्यात गेल्या होत्या. मुलगी रोज उशिरा यायची, तासाला पेंगायची, आणि अक्षर तर दिवसेंदिवस बिघडत चाललेलं. एके दिवशी मी तिची वही वर धरली, सगळ्या वर्गाला दाखवली आणि म्हणाले, “हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय?” पोरं हसली. तिने दोन्ही हात बाकाखाली घेतले. ते हात मी पाहिले नाहीत. मी वही पाहत होते.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. नऊ दिवस गेले. दहाव्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. जाताना मनात होतं, आईला चांगलं सुनवायचं. तिची आई पडवीत बसली होती. मला बघून उठली, हात धुतले, खुर्ची पुसली आणि मी तोंड उघडायच्या आत आत जाऊन पाणी आणि गूळ घेऊन आली. “बसा बाई, चालत आलात?” एवढंच म्हणाली. मी कशाला आले, हे तिने विचारलंही नाही. मी पाणी पीत होते आणि समोर बर्फातल्या कोळंबीचा ढीग होता, मुलगी सोडे सोलत बसली होती. कोळंबीचं टोक बोटांत घुसतं, तिच्या पाण्याने कातडी सोलवटते आणि वर बर्फाचा गारठा. त्या पोरीच्या अंगठ्याची आणि पहिल्या दोन बोटांची कातडी गेलेली होती. पेन धरायची तीच बोटं.

त्या पडवीत मला जे मिळालं, ते मी तिला वर्गात दिलं नव्हतं. मी पुढे समुपदेशनाचा अभ्यासक्रम केला तो ह्या एका संध्याकाळमुळे.

त्या अभ्यासात कार्ल रॉजर्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाशी ओळख झाली. त्याने १९५७ साली एक निबंध लिहिला. माणसात बदल व्हायचा तर मदत करणाऱ्याच्या वागण्यात काय असावं लागतं, हा त्याचा विषय. त्यातल्या तीन गोष्टी पुढे फार गाजल्या. मदत करणारा आत एक आणि बाहेर एक असा नसावा. त्याने समोरच्याला अटी न घालता स्वीकारावं. आणि समोरच्याचं जग त्याच्या जागेवरून समजून घ्यावं. तिसऱ्या गोष्टीला एक जोड आहे, ती आपण विसरतो. आपल्याला समजलंय हे समोरच्यापर्यंत थोडं तरी पोहोचलं पाहिजे. मनातल्या मनात कळवळा असून भागत नाही. मलाही त्या मुलीची काळजी होतीच की. तिच्यापर्यंत पोहोचलं ते हसू.

ह्यावर शिक्षक हमखास विचारतात, मग काय चुका पोटात घालायच्या? नाही. नववीतल्या मुलाच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली, तर ती काढून घ्यायचीच आणि पुन्हा सापडता कामा नये हेही ठणकावून सांगायचं. पण दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना त्याचं नाव कालपर्यंत ज्या सुरात घेत होतो, त्याच सुरात घ्यायचं. मुलं सुराला फार तिखट असतात.

आता एक अभ्यास सांगते, तो मला आपल्या किनाऱ्याचा वाटतो. हवाईतल्या कवाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा मागोवा एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चाळिशीला येईपर्यंत घेतला. उसाच्या आणि अननसाच्या मळ्यांत राबणाऱ्यांची मुलं त्यांत पुष्कळ होती. गरिबी, घरातले तंटे, आईबापांची व्यसनं किंवा आजार, असं सगळं एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकीसुद्धा साधारण एक तृतीयांश मुलं धड, समर्थ माणसं झाली. ती कशाने तरली, ह्याचा शोध घेतला तेव्हा वारंवार एक गोष्ट दिसली. त्यांना धरून राहणारं निदान एक मोठं माणूस होतं. कुणाची आजी, कुणी शेजारी, आणि बऱ्याचदा शाळेतले शिक्षक.

एक माणूस. सगळ्या शाळेने बदलायची वाट बघायला नको.

आपल्या वर्गात कोण कोण बसतं ते बघा. आंब्याच्या बागेत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबाचा मुलगा. त्याला सगळे सरसकट ‘बहादूर’ म्हणतात. त्याचं नाव वेगळं असतं. ते त्याच्याकडूनच ऐका, चुकलं तर त्याला दुरुस्त करू द्या. बाईंची चूक काढायला मिळाली की पोर त्या दिवशी वर्गाचं होतं. आईबाप मुंबईला आणि आजीकडे राहणारी पोरं तर वाडीवाडीत आहेत. त्यांना शिमग्याला आणि गणपतीला घर भरलेलं मिळतं, आणि चाकरमानी परत गेले की पुढचे आठ दिवस ती गप्प असतात. विसर्जनानंतर लगेच चाचणी ठेवू नका, एवढी तरी सोय आपल्या हातात आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरूड ह्या पट्ट्यात घरांची कौलं-पत्रे उडाले, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्या वर्षी २२ जुलैला चिपळूण पाण्याखाली गेलं. एक मुलगा माझ्याकडे आला होता, पाऊस पत्र्यावर वाजायला लागला की त्याला दरदरून घाम फुटायचा. त्याच्या वर्गशिक्षकांनी काय केलं? त्याची जागा दाराजवळ केली आणि सांगितलं, “वाटलं तर विचारू नकोस, सरळ व्हरांड्यात जा, मी बघतोय.” सुरुवातीला तो रोज जायचा. मग नुसता दाराकडे बघायचा. समुपदेशनात मी जे केलं त्याच्याइतकंच हे मोलाचं होतं.

पालकांचंही बोलायला हवं. कार्यालयाच्या दारात चप्पल काढून उभी राहिलेली आई तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे. ती उभी, आपण बसलेले, आणि आपण तिला तिच्या मुलाचे दोष वाचून दाखवतो. तिला खुर्ची द्या. तिच्या बोलीला हसू नका, ती आपली प्रमाण भाषा बोलायला बघत असेल तर तिला सांगा, “घरात बोलता तसं बोला.” आणि पहिलं वाक्य मुलाच्या एखाद्या चांगल्या गोष्टीचं असू द्या. ते खरं मात्र असावं, बनवाबनवी तिला लगेच कळते.

आता समुपदेशनाच्या खोलीबद्दल. बऱ्याच शाळांत ती शिक्षकखोलीला लागून असते. गाव लहान, तिथे कोण गेलं हे सुट्टी संपायच्या आत सगळ्यांना ठाऊक. मग कोण येणार? मी खोली जवळपास सोडूनच दिली. मैदानाच्या कडेला फणसाखाली बसते, मुलांबरोबर एसटीच्या थांब्यापर्यंत चालते. शेजारी शेजारी चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही, त्यामुळे जड गोष्टी निघतात.

मात्र एक गोष्ट पहिल्याच भेटीत सांगायची. “तू सांगशील ते मी गावभर करणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुझ्याशी वाईट वागत असेल, तर मला ते योग्य ठिकाणी सांगावंच लागेल, आणि सांगण्याआधी मी तुला तसं सांगेन.” २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं आपल्यावर बंधनकारक आहे. “कुणालाच सांगणार नाही” असं वचन देऊन मग ते मोडलं, तर ते मूल पुन्हा कुणाजवळ तोंड उघडेल असं मला वाटत नाही. मुलांच्या मदतीचा १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीचा टेलिमानसचा १४४१६, हे दोन्ही क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, पुसू देऊ नका.

मला तुमच्या अडचणी माहीत आहेत. दोन शिक्षकी शाळा, ऑनलाइन माहित्या, मुख्याध्यापकांचे निरोप. त्यात हे कुठे बसवायचं? मी दारातलं एक मिनिट मागते आहे. उशिरा आलेल्या मुलाला आत घ्या, “पाणी पिऊन ये, बस” म्हणा. उशिराचं कारण मधल्या सुट्टीत विचारा, एकटं असताना.

ती मुलगी परत आली. मी वर्गासमोरच तिची माफी मागितली, कारण अपमान वर्गासमोर केला होता. बोटं बरी होईपर्यंत तिने उत्तरं तोंडी द्यावीत असं ठरलं, आणि तिच्या आईशी बोलून परीक्षेच्या आठवड्यात सोडे सोलण्यातून तिला सुट्टी मिळाली. तरी कितीतरी दिवस ती हात बाकाखालीच ठेवायची. मीही काही बोलले नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर एकदा मी वह्या तपासत रांगेतून येत होते, तेव्हा तिने वही पुढे केली आणि दोन्ही हात तिच्या शेजारी, बाकावर ठेवले.