आधी उंट बाहेर

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘कारो-कान बचाव : मधल्या डावातल्या योजना’. म्हणजे बुद्धिबळात पांढऱ्याने राजापुढचं प्यादं ई४ वर आणलं की काळ्याने सी६ वर प्यादं सरकवून द्यायचं उत्तर. योजनांकडे येतोच. पण आधी एक तक्रार मांडू द्या, फार वर्षं पोटात ठेवलीय.

एका खुल्या स्पर्धेत माझ्यासमोर दहा-अकरा वर्षांचा मुलगा बसला होता. त्याने ई४ केलं, मी सी६. त्याने पटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी काळजीने विचारलं, “काका, बरोबरी हवीय का?” पहिल्याच चालीला! कारो-कान खेळणारा घाबरट, त्याला बरोबरीच हवी, हा समज. हसताय काय, पुढे आणखी वाईट आहे. मी चिडलो, आणि चिडलेल्या माणसाने कारो-कान खेळू नये. डी५ वर प्यादी भिडली, ई४ वर मारामारी झाली, त्याचा घोडा तिथे येऊन बसला. मी माझा घोडा डी७ वर ठेवला. त्याचा घोडा उडून जी५ वर. दोन-तीन चालींनंतर, ई६ करून झाल्यावर, इथे आधी उंट डी६ वर काढायचा, म्हणजे राजाला एफ८ घर मोकळं होतं, आणि मगच एच६ करून घोड्याला हुसकायचं. मी तोऱ्यात आधी एच६ केलं. घोडा मागे जाईल अशी अपेक्षा होती. तो सरळ ई६ वर आदळला. पुढे जी६ वरून उंटाचा शह, राजा मध्येच अडकलेला, किल्लेकोट संपला.

काहींनी ओळखलंय. ११ मे १९९७, न्यूयॉर्क, डीप ब्लू या संगणकाविरुद्ध सहावा डाव. जगज्जेत्या कास्पारोव्हने नेमका हाच क्रम चुकवला आणि पांढऱ्याच्या १९ व्या चालीनंतर डाव सोडला. मुलाला तो डाव पाठ होता. मलाही होता, हेच तर दुःख!

तेव्हापासून जो भेटतो तो म्हणतो, बघा, कारो-कान मोडतो. अहो, त्या डावात सी८ चा उंट कुठे होता ते बघा. घरात! समोर डी७ वर आपलाच घोडा, पुढे ई६ चं प्यादं. फ्रेंच बचावात, म्हणजे ई४ ला ई६ चं उत्तर दिलं की, हा उंट अशाच प्याद्यांमागे कोंडला जातो म्हणून तर लोक सी६ कडे वळले. होरेशियो कारो आणि मार्कुस कान यांनी १८८६ मध्ये याचं विश्लेषण केलं. त्यातली कल्पना मला एका ओळीत सांगता येते : डी५ ला आधार सी६ चा द्या, उंट एफ५ वर काढा, आणि मगच ई६ चं दार लावा. याला घाबरटपणा म्हणणाऱ्यांनी १९६१ ची जगज्जेतेपदाची लढत बघावी. टालसारख्या वादळासमोर बोटविनिकने हाच बचाव पुन्हापुन्हा लावला आणि विजेतेपद परत नेलं.

चिठ्ठी आलीय. पाच मिनिटं? बरं, मग योजना घाईत.

पांढऱ्याने ई५ पुढे ढकललं तर उंट एफ५, मग ई६, मग सी५. हो, सी-प्यादं दोन हप्त्यांत पुढे गेलं, एक चाल वाया गेली. ती उंटाची किंमत आहे, आनंदाने द्या. आधी सी६ आणि मग सी५ हे ज्याला खटकतं त्याने हा बचाव खेळूच नये.

पांढऱ्याने डी५ वर अदलाबदल केली तर सी-रांग अर्धी मोकळी होते. तिथे हत्ती आणा आणि बी-प्यादं बी५, बी४ असं चालवून त्याचं सी३ पोखरा. डावाचं काम वजिराच्या बाजूला आहे, राजाकडे उगीच प्यादी हलवू नका.

उरली मुख्य शाखा, ई४ वर पांढऱ्याचा घोडा बसला की चौथ्या चालीला घोडा डी७ ऐवजी उंट एफ५. त्याचा घोडा जी३ वर येतो, उंट जी६ वर सरकतो, आणि पांढरा त्याच्यामागे एच-प्यादं पिटाळतो, एच४, एच५. उंट एच७ वर, तिथून डी३ वरच्या उंटाशी बदल. लोक म्हणतात, एवढं फिरून उंट मेलाच की! मेला, पण बरोबरीचा मोहरा घेऊन, आणि मागे ई६-सी६ ची भक्कम भिंत ठेवून. शिवाय एच५ चं ते प्यादं घरापासून लांब येऊन बसलंय. वजीर बदलले गेले की त्याची राखण करायला पांढऱ्याचा एक मोहरा अडकू शकतो.

अध्यक्ष उभे राहिले. पॅनोव्ह हल्ला, म्हणजे डी५ वरच्या अदलाबदलीनंतर पांढऱ्याने सी४ करणं, राहिलाच, त्यातलं डी४ चं एकटं प्यादं आणि त्याच्यासमोर डी५ वर घोडा कसा रोवायचा तेही. बाहेर पट मांडलाय, तिथे या. ई४ तुम्ही करा.