फॉरमॅट मारायच्या आधी हे बघा : जुन्या कॉम्प्युटरवर पीडीएफ उघडत नाही, प्रिंट येत नाही

[कॅमेऱ्यासमोर. टेबलावर जुना डेस्कटॉप, शेजारी लेझर प्रिंटर]

नमस्कार मंडळी. हे मशीन बघून घ्या. विंडोज ७, चार जीबी रॅम, बाजूला जुना लेझर प्रिंटर. झेरॉक्सच्या दुकानात, ग्रामपंचायतीत, वकिलांच्या टेबलावर असे सेट आजही दिवसभर राबतायत. मायक्रोसॉफ्टने विंडोज ७ चा पाठिंबा १४ जानेवारी २०२० ला थांबवला, एक्सपीचा तर ८ एप्रिल २०१४ ला. पण काम भागतंय तोवर कोण बदलतंय?

मग एक दिवस सातबारा उघडत नाही. उघडला तर सहीवर पिवळं प्रश्नचिन्ह. प्रिंट दिली तर शिक्क्याच्या जागी काळा चौकोन. मेकॅनिकला फोन केला की ठरलेलं उत्तर येतं, "फॉरमॅट मारावा लागेल." बहुतेक वेळा लागत नाही हो. फाइल डाउनलोड झाल्यापासून कागद बाहेर येईपर्यंत काम चार हातांतून जातं: फाइल, ती दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे रीडर, विंडोजमधली प्रिंटची रांग आणि ड्रायव्हर, म्हणजे विंडोजचं म्हणणं प्रिंटरला समजावणारा प्रोग्रॅम. कोणत्या हातात अडकलंय ते आधी शोधायचं. आपण उलट करतो, पहिल्यांदा ड्रायव्हर उडवतो.

[स्क्रीनवर: डाउनलोड्स फोल्डर]

फाइलपासून सुरुवात करू. पीडीएफवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, साइज बघा. शून्य केबी असेल तर डाउनलोड झालेलंच नाही. साइज दिसतेय पण फाइल उघडत नाही, तर तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडा. घाबरू नका, पानभर अगम्य चिन्हं दिसतील, ती तशीच असतात. आपल्याला फक्त पहिली ओळ बघायचीय. तिथे टक्क्याचं चिन्ह, त्याला चिकटून इंग्रजीत पीडीएफ आणि पुढे १.४, १.७ असा आकडा असेल, तर फाइल निदान खरी पीडीएफ आहे. त्याऐवजी कोनी कंस आणि एचटीएमएल असं दिसलं, तर साइटने तुम्हाला दाखला दिलेलाच नाही. लॉगिन संपलं होतं, साइटने लॉगिनचं पान पाठवलं आणि कॉम्प्युटरने ते पीडीएफ नावाने ठेवून दिलं. पुन्हा लॉगिन करा, पुन्हा उतरवा. आणि एक, नोटपॅड बंद करताना सेव्ह विचारलं तर "नाही" म्हणा. सेव्ह केलंत तर चांगली फाइलही बिघडेल.

[स्क्रीनवर: उजव्या कोपऱ्यातलं घड्याळ]

आता ज्याकडे कुणी बघत नाही ती गोष्ट. खाली उजव्या कोपऱ्यातली तारीख. काय दिसतेय? २००९. मदरबोर्डवर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. तो संपला की वीज बंद केल्यावर कॉम्प्युटर तारीख विसरतो आणि जन्मसालाकडे परत जातो. त्याने काय होतं? सरकारी साइट उघडली की ब्राउझर म्हणतो कनेक्शन सुरक्षित नाही, कारण साइटचं प्रमाणपत्र त्याच्या हिशोबाने अजून जन्मायचंय. पीडीएफवरच्या डिजिटल सहीचं तेच. सही आजची, घड्याळ २००९ चं, मग रीडर ती सही खरी कशी मानणार? सेल बदला, तारीख लावा. बदलण्याआधी मशीनची वायर काढा एवढंच. सुरू करताना दरवेळी एफ १ दाबावं लागत असेल तर बहुधा हाच सेल मेलाय.

[कॅमेऱ्यासमोर]

फाइल ठीक, तारीख ठीक, आता उघडणारं सॉफ्टवेअर. पीडीएफ हा प्रकार अडोबीने १९९३ मध्ये आणला, २००८ मध्ये तो आयएसओ मानक झाला. दरम्यान त्यात बरंच काही भरत गेलं आणि जुन्या रीडरला नवीन भर कळत नाही. पासवर्डचंच घ्या. २५६ बिटचं एईएस नावाचं कुलूप अडोबीच्या अक्रोबॅट ९ बरोबर २००८ मध्ये आलं. रीडर ८ वर बसला असाल तर पासवर्ड बरोबर असूनही त्या कुलपाची फाइल उघडणार नाही. आता आधार. त्याच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मसाल. लोक कॅप्स लॉक विसरतात आणि रीडरला शिव्या घालतात. तेवढं आधी तपासा.

दुसरी गंमत, फाइल उघडते पण पानावर एवढंच, "प्लीज वेट". तासभर थांबलात तरी तेच. ही एक्सएफए नावाची फॉर्मची जात. कंपनी खात्याचे जुने ई-फॉर्म असेच असायचे. आत खरा फॉर्म असतो, पण तो नीट दाखवायला बहुधा अडोबीचाच रीडर लागतो. क्रोम, जुना फायरफॉक्स किंवा एखाद्या हलक्या रीडरमध्ये उघडलात की अनेकदा ते "थांबा"चं पानच दिसतं. फाइल आधी डाउनलोड करा, मग राइट क्लिक, ओपन विथ, अडोबी रीडर.

मग रीडर कोणता ठेवायचा? माझं मत सांगतो. जुन्या मशीनवर दोन ठेवा. रोजच्या बघण्याला सुमात्रा पीडीएफ. एक्सपीवर त्याची ३.१.२ ही आवृत्ती, त्याच्या पुढच्या एक्सपीवर चालत नाहीत. आणि सह्या, फॉर्म यासाठी अडोबीचा. विंडोज ७ वर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही, त्यामुळे ब्राउझर अपडेट होत नाही म्हणून डोकं फोडत बसू नका. बँकेचं काम मात्र या मशीनवर करू नका. ते वेगळं दुखणं आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

[स्क्रीनवर: सातबाऱ्यावरची सही, पिवळं प्रश्नचिन्ह]

हे प्रश्नचिन्ह. "व्हॅलिडिटी अननोन." ब्राउझरमध्ये फाइल उघडली असेल तर ते जाणारच नाही, कारण क्रोमसारखा ब्राउझर सही तपासतच नाही, चित्र दाखवल्यासारखं दाखवतो. अडोबी रीडरमध्ये उघडा. सहीवर क्लिक, सिग्नेचर प्रॉपर्टीज, मग शो सायनर्स सर्टिफिकेट. डावीकडे नावांची उतरंड दिसेल. सगळ्यात वरचं नाव बघा, तिथे "सीसीए इंडिया" आणि पुढे एखादं साल असायला हवं. सीसीए म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खाली नेमलेलं नियंत्रक कार्यालय, देशातल्या डिजिटल सह्यांचं मूळ तिथे आहे. ते नाव असेल तरच ते निवडून ट्रस्ट या टॅबवर जा, ऍड टू ट्रस्टेड सर्टिफिकेट्स करा, जुन्या रीडरमध्ये त्याला ट्रस्टेड आयडेंटिटीज म्हटलंय. ओके, ओके, मग व्हॅलिडेट सिग्नेचर. हिरवी टिक. वर भलतंच नाव असेल तर ट्रस्ट करू नका, ती फाइल कुठून आली ते आधी विचारा.

आता कार्यालयात कागदावर हिरवी टिकच मागतात, मान्य आहे, म्हणून तुम्ही हे सगळं करता. पण छापलेली टिक म्हणजे नुसती शाई. सही फाइलमध्ये असते. म्हणून प्रिंटसोबत मूळ फाइल गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर पाठवून ठेवा. स्कॅन केलेली नाही, मूळ.

[स्क्रीनवर: वर्डची फाइल, इंग्रजी अक्षरांचा काला]

पुढचं आपलं घरचं दुखणं, मराठी अक्षरं. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह देतं, फाइल उघडली की सगळा इंग्रजी अक्षरांचा काला. फाइल खराब नाहीये. ती श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलीय. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. फॉन्ट नाही, तर खालचं इंग्रजी उघडं पडतं. नेमका तोच फॉन्ट हवा, दुसरा मराठी फॉन्ट लावून फक्त वेगळा काला मिळतो.

एक्सपीवर आणखी एक प्रकार. युनिकोडमधलं, म्हणजे एका ठरावीक फॉन्टवर अडून न बसणारं, मराठी दिसतं, पण पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षरं फुटतात. कंट्रोल पॅनेल, रीजनल अँड लँग्वेज, लँग्वेजेस, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टवर टिक करा. विंडोजची सीडी मागेल, द्या, रीस्टार्ट करा. विंडोज ७ वर हे करावं लागत नाही. तिथे मंगल, कोकिळा, अपराजिता आहेत, पण निर्मला यूआय नाही, तो विंडोज ८ पासून आला. म्हणून नव्या मशीनवर केलेलं पत्र इथे दुसऱ्याच फॉन्टमध्ये येतं आणि एका पानाचं दीड पान होतं. यावर खरा उपाय पाठवणाऱ्याकडे आहे. वर्डमधून सेव्ह ऍज पीडीएफ करताना ऑप्शन्समध्ये आयएसओ १९००५-१ अशी टिक असते, ती केली की फॉन्ट फाइलच्या पोटातच जातो. त्याला फोन करून पीडीएफ मागवा. तुम्ही कशाला फॉन्ट शोधत बसता?

[प्रिंटरजवळ]

आता प्रिंट. स्क्रीनवर बरोबर दिसतंय, कागदावर चुकतंय. काळे चौकोन, गायब शिक्का, अर्धं पान, नाहीतर मराठीच्या जागी डबे. हा प्रिंटर बघा. कॅनन एलबीपी २९००, एचपी लेझरजेट १०२० या पिढीतले. यांच्यात दोन एमबी मेमरी. पान कसं रंगवायचं ते यांना कळतच नाही. सगळं पान कॉम्प्युटर आणि ड्रायव्हर मिळून तयार करतात, प्रिंटर नुसता हमाल. पारदर्शक चित्रं पीडीएफमध्ये २००१ च्या १.४ आवृत्तीत आली. शिक्का, वॉटरमार्क, क्यूआर कोड यांच्या मागे बहुधा तीच भानगड असते आणि जुना ड्रायव्हर तिथे अडखळतो.

[स्क्रीनवर: प्रिंटची खिडकी]

अडोबी रीडर, प्रिंट, वर ऍडव्हान्स्ड नावाचं बटण, त्यात "प्रिंट ऍज इमेज". टिक करा. आता रीडर पानाचा फोटो काढून ड्रायव्हरला देतो, त्यात समजून घेण्यासारखं काही उरत नाही. शेजारी डीपीआय, म्हणजे इंचाला किती ठिपके ते, असतो, ३०० ठेवा. ६०० केलंत तर जुनं मशीन एका पानावर रेंगाळेल. या एका टिकेने जेवढी कामं सुटतात तेवढी ड्रायव्हर बदलून सुटत नाहीत. तोटा एकच, बारीक अक्षराची कड किंचित बोथट येते.

त्याच खिडकीत कागद बघा. लेटर निवडलेलं असतं आणि ट्रेमध्ये ए ४. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, ए ४ २१० बाय २९७. प्रिंटर लेटर कागदाची वाट बघत दिवा मिचकावत बसतो, आपण म्हणतो प्रिंटर बिघडला. ड्रायव्हरमध्येच, म्हणजे प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये ए ४ करून ठेवा. आणि आधार कार्ड किंवा फोटो छापताना "फिट" नको, "ऍक्च्युअल साइज". नाहीतर कार्ड पाकिटात मावत नाही अशी तक्रार येणारच.

[स्क्रीनवर: डिव्हायसेस अँड प्रिंटर्स]

प्रिंट दिली आणि काहीच नाही? इथे बघा. एकाच प्रिंटरची दोन नावं, दुसऱ्यापुढे "कॉपी १". केबल काल दुसऱ्या यूएसबी भोकात लावली, विंडोजला वाटलं नवा प्रिंटर आला. आता हिरवी टिक जुन्यावर आहे आणि कागद त्या ओसाड पत्त्यावर चाललेत. चालू असलेल्या नावावर राइट क्लिक, सेट ऍज डिफॉल्ट. केबलचं भोक ठरवून टाका, त्यावर चिकटपट्टी लावा. मेनूत "यूज प्रिंटर ऑफलाइन" वर टिक असेल तर काढा.

रांगेत एक कागद अडकलाय, डिलीट केला तरी "डिलीटिंग" म्हणत बसलाय? स्टार्ट मेनूत सर्व्हिसेस टाइप करा. यादीत प्रिंट स्पूलर, म्हणजे प्रिंटची रांग सांभाळणारा, शोधा, राइट क्लिक, स्टॉप. मग सी ड्राइव्ह, विंडोज, सिस्टम ३२, स्पूल, प्रिंटर्स. परवानगी विचारेल, द्या. या फोल्डरच्या आतल्या फाइली उडवा, फोल्डर उडवू नका. परत जाऊन स्पूलर स्टार्ट. रिकामी रांग. हे करताना सी ड्राइव्हवर किती जागा आहे तेही बघा. दोन एमबीची पीडीएफ रांगेत गेल्यावर शेकडो एमबी होऊ शकते, आणि सी लाल झालेला असेल तर ती अर्ध्यात मरते. मोठी फाइल पाच-पाच पानांनी द्या.

आणि कागदावर उभी पांढरी पट्टी येते, काळे डाग येतात, दोन कागद एकदम ओढले जातात, तर वरचं काहीही करू नका. प्रिंटर प्रॉपर्टीजमधून टेस्ट पेज काढा. त्यातही तेच आलं तर कॉम्प्युटरचा काही संबंध नाही, टोनर, ड्रम नाहीतर रोलर. कार्ट्रिज बाहेर काढून आडवी धरा, हळू हलवा, पुन्हा बसवा. पट्टी पुसट झाली तर रिफिल करायची वेळ आलीय. डाग दर पानावर ठरावीक अंतराने येत असेल तर ड्रम गेलाय, तो रिफिलवाल्याला दाखवा आणि हेच टेस्ट पेज सोबत न्या, म्हणजे तो विंडोजचं नाव घेणार नाही.