हिरवळीवरची तिरकी वाट

श्रोतेहो, नमस्कार. घरातलं पायपुसणं कुठे झिजतं? मधोमध. कडा नव्याकोऱ्या, मध्ये सुतं निघालेली. बागेतल्या हिरवळीचंही तेच.

मी सकाळी जिथे फिरायला जातो, त्या बागेतला फरशीचा रस्ता काटकोनात वळतो आणि लोक हिरवळीतून तिरके जातात. आधी पाटी लागली. (पाट्यांवर माझा विश्वास नाही, पाटी वाचून थांबतो तो तसाही थांबलाच असता.) मग दोरी बांधली. दोरी लोंबली. मग झुडपं लावली, तर नेमकी वाटेवरचीच दोन मेली. शेवटी माळीकाकांनी सगळं काढलं, माती भुसभुशीत करून नवं गवत लावलं. काही आठवड्यांत वाट पुन्हा हजर! पण गंमत ऐका. ती सरळ नव्हती. दोन फाटकांकडून येणाऱ्या वाटा मध्येच एकमेकींकडे झुकल्या होत्या आणि बाकांच्या वाटेला मिळताना त्यांच्यामध्ये गवताचं तिकोनी बेट उरलं होतं. मंडळी म्हणाली, "लोक आळशी, दुसरं काय!" अहो, आळशी असते तर नाकासमोर गेले असते. हे तर थोडा वळसा घेत होते, पण मळल्या वाटेनं.

नेमकं हेच गणित भौतिकशास्त्रज्ञ डिर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडलं. पाऊल पडलं की गवत दबतं, पाऊल थांबलं की गवत उठतं. पुन्हा सांगतो: दबण्याचा वेग आणि उठण्याचा वेग. चालणाऱ्याला एकीकडे मुक्काम खेचतो, दुसरीकडे मळलेली वाट. संगणकावर अशी माणसं चालवली की तसंच बेट उमटतं. म्हणजे फरशी बसवण्याआधीच फाटकं, बाकं आणि येणाऱ्यांची संख्या घालून वाटा कुठे पडतील, याचा अंदाज घेता येतो.

झाडांसाठीही एक ठोकताळा आहे, १९९० चा, अमेरिकी वृक्षतज्ज्ञ सांतामूर यांचा: शहरातल्या झाडांत एका जातीची दहा टक्क्यांहून जास्त नकोत, म्हणजे एकाच रोगानं सगळी झाडं मरत नाहीत. तरी आपण रस्ताभर एकच झाड लावतो, फोटोत छान दिसतं म्हणून. असो.

माळीकाकांना मी हे दबणं-उठणं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ते ठीक आहे हो. पण बेटावर काय लावू?"