सायकलवाल्यांचा हिशेब

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘सायकल आणि आरोग्य’ असा छापून आलाय. आरोग्यावर बोलायला माझ्यापेक्षा लायक डॉक्टर मंडळी पहिल्याच रांगेत बसलेली दिसताहेत, तेव्हा तो प्रांत त्यांच्याकडेच राहू दे. मी बोलणार आहे हिशेबावर. लांब पल्ल्याची सायकल चालवणारी माणसं आपल्या फेऱ्यांचे जे आकडे ठेवतात, त्यांवर. जन्मभर संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे कुठलाही आकडा समोर आला की तो नेमकं काय मोजतो, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कुठल्याही रविवारी पहाटे मुलुंड चेकनाक्यावर जाऊन उभे राहा. हेल्मेटवाल्यांचं टोळकं चहाला थांबलेलं असतं आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘या महिन्यात किती झाले?’ कोणी सांगतो, आठशे. बाकीचे मान डोलावतात. आता हे आठशे कसे झाले? रोज सत्तावीस-अठ्ठावीस किलोमीटर करूनही होतात आणि चार रविवारी दोन-दोनशे मारूनही होतात. ही दोन माणसं, दोन शरीरं, दोन संसार अगदी वेगळे; आकडा मात्र एकच. दुसरा लाडका आकडा म्हणजे ‘सगळ्यात लांब राइड’. ती एकदाच करायची आणि पुढे जन्मभर सांगायची. पहिल्या आकड्यात लांबी हरवते, दुसऱ्यात सातत्य.

या दोन्हींच्या मधला एक आकडा आहे आणि तो शोधणारा माणूस सायकलपटू म्हणून नव्हे, खगोलशास्त्रज्ञ म्हणून जगाला ठाऊक आहे. सर आर्थर एडिंग्टन. १९१९ च्या सूर्यग्रहणात ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळून येताना वाकतो हे मोजून ज्यांनी आइनस्टाइनला घरोघरी पोचवलं, तेच. केंब्रिजच्या वेधशाळेत राहायचे आणि सुट्टी लागली की सायकल काढायचे. आपल्या फेऱ्या मोजायला त्यांनी असा नियम केला : एखादा आकडा धरा, समजा ५०. किमान ५० मैलांच्या फेऱ्या तुम्ही किमान ५० वेगवेगळ्या दिवशी केल्या असतील, तर तुमचा आकडा ५०. ५१ हवा असेल तर ५१ दिवस हवेत, आणि त्यातला प्रत्येक दिवस किमान ५१ मैलांचा.

ऐकायला सोपं वाटतं. आता जरा वही उघडू या. समजा तुमचा आकडा ६० आहे. आपण किलोमीटरमध्येच बोलू. म्हणजे साठ किंवा त्याहून जास्त किलोमीटरच्या साठ राइड तुमच्या नावावर आहेत. तुम्हाला वाटतं, सत्तरवर जायला आणखी दहा राइड पुरतील. पण वहीत बघता तर त्या साठपैकी चौतीसच राइड सत्तरच्या वर आहेत. बाकीच्या सव्वीस, बासष्टच्या, पासष्टच्या, अडुसष्टच्या, सत्तरच्या हिशेबात शून्य. म्हणजे दहा नव्हे, छत्तीस लांब राइड करायच्या. एवढं करून सत्तर गाठलात की ऐंशीसाठी पुन्हा हीच चाळणी लागते. कुठलीही एक पराक्रमी राइड हा आकडा एकापेक्षा जास्त वाढवू शकत नाही. तुम्ही एका दमात सहाशे किलोमीटर करून या, त्याच्या दृष्टीनं तो एक दिवस. शास्त्रज्ञांच्या संशोधनाला आजकाल जो ‘एच-निर्देशांक’ लावतात, तो २००५ साली आला. त्याचं गणित नेमकं हेच आहे. एडिंग्टन तेव्हा जाऊन साठ वर्षं झाली होती.

त्यांचा स्वतःचा आकडा शेवटी ८४ वर थांबला, तोही मैलांत. म्हणजे सुमारे १३५ किलोमीटरच्या चौऱ्याऐंशी फेऱ्या, गिअरचे फारसे लाड नसलेल्या काळात. आणि हा आकडा ते पत्रातून कोणाला कळवत होते? सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना. १९३५ च्या जानेवारीत रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत याच एडिंग्टननी तरुण चंद्रशेखरांच्या सिद्धांताची भर सभेत खिल्ली उडवली होती. चंद्रशेखर पुढे अमेरिकेला गेले, १९८३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. पण त्या कडवट सभेनंतरही दोघांचा पत्रव्यवहार चालू राहिला आणि त्यात सायकलचा आकडा असायचा. एका ईस्टरच्या सुट्टीतल्या दोन फेऱ्या अगदी थोडक्यात कमी पडल्या, म्हणून हिशेबात धरता आल्या नाहीत, अशी त्यांत हळहळही आहे. विश्वातल्या प्रोटॉनांची संख्या कागदावर मांडणारा माणूस आपल्या सायकलच्या बाबतीत जराशीही सूट घेत नव्हता. मला हे फार आवडतं.

आता मुंबईत या. इथे हा आकडा तुमच्या मांड्यांचा जेवढा, तेवढाच तुमच्या घराच्या पत्त्याचा. चर्चगेटहून बोरिवली रेल्वेनं साधारण ३४ किलोमीटर. बोरिवलीत राहून फोर्टात नोकरीला सायकलनं जाणारा माणूस जाऊन-येऊन सत्तरच्या आसपास जातो. त्यानं नुसती नोकरी केली तरी काही महिन्यांत त्याचा आकडा सत्तरच्या घरात. विरारहून कोणी येत असेल तर एका बाजूचेच साठ. आणि दादरला राहून परळला कामाला जाणाऱ्यानं वीस वर्षं रोज सायकल चालवली तरी त्याचा आकडा एका हाताच्या बोटांवर राहणार. शिवाय बेटावर राहणाऱ्याला शहराबाहेर पडायलाच तीस-चाळीस किलोमीटर लागतात. कोस्टल रोड, सी लिंक, अटल सेतू या तिन्हींवर सायकलला बंदी, पुण्याच्या द्रुतगती मार्गावरही बंदी. उरतो घोडबंदर, उरतो ठाण्याचा रस्ता, उरतो वाशीचा पूल. म्हणून पहाटे साडेचारला निघायचं. सातनंतर ट्रक आणि रिक्षा तुमचा हिशेब चालू देत नाहीत. जून ते सप्टेंबर हा आकडा तसाही झोपलेला असतो. पाण्याखाली खड्डा किती खोल आहे, हे कुठलंच अ‍ॅप सांगत नाही.

एकक आधी ठरवून घ्या, हे मी तरुणांना नेहमी सांगतो. मैल की किलोमीटर? लोक म्हणतात, काय फरक पडतो, एक-पूर्णांक-सहानं गुणलं की झालं. नाही होत. एका बाईंनी अगदी शंभर किलोमीटरच्या शंभर राइड केल्या. किलोमीटरमध्ये त्यांचा आकडा १००, मैलांत ६२. दुसऱ्या बाईंनी दोनशे किलोमीटरच्या साठ राइड केल्या. त्यांचा किलोमीटरमध्येही ६० आणि मैलांतही ६०. पहिलीला दिवस मिळाले, लांबी कमी पडली. दुसरीला लांबी मिळाली, दिवस कमी पडले. मैलांत मोजलं तर दोघी जवळजवळ बरोबरीला येतात. यात कोणी जास्त चांगली नाही. आपल्याकडे दगड किलोमीटरचे आहेत, तुम्ही किलोमीटर धरा आणि मग बदलू नका.

आता ब्रेव्हेबद्दल, म्हणजे ठरलेल्या वेळात पुऱ्या करायच्या लांब फेऱ्यांबद्दल. इथे बसलेल्या काही जणांच्या छातीवर ती पदकं असणार, लाजू नका. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबच्या नियमांवर चालणारी ही बीआरएम : २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत, ६०० चाळीस तासांत. चारही एकाच हंगामात केल्या की ‘सुपर रँडोनर’, आपल्या बोलीत एसआर. ही शर्यत नाही. साडेआठ तासांत आलेला आणि तेरा तास पंचवीस मिनिटांत आलेला, दोघांची किंमत सारखी.

पण घड्याळ कधीच थांबत नाही, आणि मुंबईकराची गाडी इथेच अडते. मोबाइलमधलं अ‍ॅप सिग्नलला उभे राहिलात की स्वतःहून थांबतं आणि घरी आल्यावर दाखवतं : सरासरी चोवीस. दाराबाहेर पडल्यापासून दारात येईपर्यंतचे तास मोजले तर ती सोळाही निघते. ब्रेव्हेला ही सोळाच कामाची. सहाशेच्या राइडमध्ये चालतीचा वेग ताशी वीस धरला तर सायकलवर तीस तास. उरले दहा. आता ढाब्यावर थांबलात. मिसळ यायला वीस मिनिटं, खायला पंधरा, बाटल्या भरायला पाच. एटीएमची स्लिप काढायची, कारण वेळ छापलेला तो कागद हाच तुम्ही इथे होतात याचा पुरावा. एखादा फोटो. पाऊण तास गेला. असे सहा थांबे केलेत की साडेचार तास संपले आणि झोपेला साडेपाचसुद्धा राहत नाहीत, कारण एखादं पंक्चर नशिबात असतंच. वेग वाढवायला वर्ष लागतं. थांबा कमी करायला फक्त ठरवावं लागतं. म्हणून माझ्या वहीत ‘उभा वेळ’ असा वेगळा रकाना आहे. बाकी सगळे रकाने पुसले तरी चालतील, हा ठेवा.

उंचीच्या आकड्यावर फार बोलत नाही. हवेच्या दाबावर उंची मोजणारी यंत्रं पावसाळ्यात दाब उतरला की उभ्या जागी तुम्हाला डोंगर चढवतात. आणि परळच्या टॉवरांमध्ये जीपीएसची रेघ इमारतींतून आरपार जाते. तेही फुकटचे मीटर.

मोठ्या आकड्यांची गंमत म्हणून दोनच नावं सांगतो. टॉमी गॉडविन या इंग्रज सायकलपटूनं १९३९ च्या एका वर्षात ७५,०६५ मैल, म्हणजे १ लाख २० हजार किलोमीटरच्या वर सायकल चालवली. सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं, दिवे झाकून चालवायची सक्ती आली, तरी तो थांबला नाही. २०१६-१७ मध्ये अमेरिकेच्या अमांडा कोकरनं ८६,५७३ मैल केले, म्हणजे दिवसाला सरासरी ३८० किलोमीटर, आणि त्यातले बहुतेक फ्लोरिडातल्या एकाच उद्यानाच्या वळशावर. काही जण नाक मुरडतात, ‘बागेत गोल-गोल फिरली’. त्यांनी आरेत वीस फेऱ्या मारून बघाव्यात.

शेवटी एक नवं वेड. नकाशाचे चौकोन पाडायचे, आपल्या अक्षांशावर एकेका बाजूला सुमारे सव्वादोन किलोमीटरचे, आणि ज्या चौकोनातून सायकल गेली तो आपला. सलग चौकोनांचा सगळ्यात मोठा चौरस कोणाचा, ही स्पर्धा. पुणेकर यात सुखात आहेत, चारी दिशा मोकळ्या. मुंबईकराच्या पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी, मध्ये राष्ट्रीय उद्यानाचं जंगल, ट्रॉम्ब्याला अणुसंशोधन केंद्राची भिंत, कुलाब्याला नौदलाचं फाटक. चौरस वाढतो वाढतो आणि एका चौकोनाशी अडतो, तिथे नुसती कांदळवनं. माझ्या ओळखीचे काही हुशार लोक म्हणून आता कल्याण-भिवंडीकडे चौरस बांधायला निघतात. गोदामांच्या मागचे, नकाशावर नाव नसलेले रस्ते त्यांना पाठ झालेत. ट्रकवाले त्यांना पत्ता विचारतात.

माझी वेळ झाली, घंटा वाजवायला संयोजक उठलेच आहेत. प्रश्न जरूर विचारा. फक्त ‘सायकल कोणती घ्यावी’ हा विचारू नका, त्याला स्वतंत्र व्याख्यानमाला लागेल आणि शेवटी भांडणं होतील.