मामांना मिसळ खायला पाठवा

(ठाण्याच्या नौपाड्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय ‘कौटुंबिक वादात कायदेशीर मदत कशी मिळवावी’. त्याकडे येणारच आहे. पण त्याआधी एक तक्रार करायची आहे, आणि ती तुमच्याबद्दलच आहे. समोर बसलेले तुम्ही सगळे कोणाचे ना कोणाचे मामा नाहीतर काका आहात, बरोबर? मग नीट ऐका.

मी कोर्टनाक्याजवळ तीस वर्षं वकिली केली, बरीचशी नवराबायकोच्या भांडणांची. या भांडणातला अशील एकटा कधी येत नाही. मुलगी असली तर मामा येतात. मुलगा असला तर काका येतात आणि सोबत सोसायटीचे सेक्रेटरी. बोलणार तेच. जिचं लग्न मोडायला आलंय ती कोपऱ्यातल्या स्टुलावर ओढणीचं टोक पिळत बसलेली.

एकदा कळव्याहून असाच घोळका आला. (तपशील बदललेत, ओळखायचा प्रयत्न करू नका.) मामांच्या हातात दोनशे पानी वही. पहिल्या पानापासून लग्नाची हकिगत. मानपानात काय कमी पडलं, विहीणबाईंनी कुठली साडी परत केली, मुलाकडची माणसं ठरल्यापेक्षा ऐंशी जास्त कशी आली. बाविसाव्या पानावर आमरस संपला. म्हणजे पंगतीतला. ‘हा मानसिक छळ नाही का, मॅडम?’ मी म्हटलं, आंब्याचा असेल. मामा हसले नाहीत. तुम्ही निदान हसलात, बरं वाटलं.

मी मुलीला विचारलं, ‘तुला काय हवंय?’ मामा म्हणाले, ‘घटस्फोट.’ परत तिलाच विचारलं. आई म्हणाली, ‘त्यांना धडा शिकवायचाय.’ तेव्हा मी घड्याळ बघितलं आणि म्हटलं, मामा, साडेअकरा झालेत. मामलेदारची मिसळ गरम असेल. सगळ्यांना घेऊन जा, तिखट सांगा, तासाभराने या.

गेले. ती पाच मिनिटं गप्प. मग म्हणाली, ‘माझे नर्सिंगचे कागद सासूबाईंच्या कपाटात आहेत. ते मिळाले तर नोकरी लागेल. बाकीचं मग ठरवेन.’

बाविसाव्या पानापर्यंत जाऊनही या कागदांचा कुठे पत्ता नव्हता! कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे, त्यात दंडाधिकारी स्त्रीधनच नव्हे, तिच्या हक्काच्या इतर वस्तूही परत द्यायला सांगू शकतात. अर्ज केला. कागद आले, नोकरी लागली. संसाराचं पुढे काय झालं ते मला ठाऊक नाही. मामा माझ्याशी बोलत नाहीत.

यात कायद्याचाही मुद्दा आहे. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं वकिलाला बाहेर सांगता येत नाही. मामांवर तसं बंधन नाही. उद्या समोरच्या वकिलाने मामांना पिंजऱ्यात उभं करून ‘त्या दिवशी ती काय म्हणाली?’ विचारलं, तर मामा सांगणार. शिवाय आमरसही सांगणार.

आपल्याकडे स्वतः बोलण्याची परंपरा जुनी आहे हो. लहानपणीच लग्न लावून दिलेल्या आणि नवऱ्याकडे जायला नकार देणाऱ्या रखमाबाईंना १८८७ साली मुंबईच्या हायकोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंग पत्करीन म्हणून सांगितलं. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या डॉक्टर व्हायला विलायतेला गेल्या. त्या वहीत कोणाचा आमरस नव्हता.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? बरं, पळते आता.

वकिलाकडे जाताना एकच पान लिहून न्या, तारखांसह: लग्न कधी, वेगळे कधीपासून, मुलं किती, काय हवंय. फी कशाकशाची, ते आधी विचारा आणि पावती मागा. ‘मिळालेल्या पोटगीत इतके टक्के माझे’ असा सौदा वकिलाला करता येत नाही. वकील बदलायचा असेल आणि तो ‘आधी पैसे, मग फाइल’ म्हणाला, तर सुप्रीम कोर्टाने २००० सालीच सांगितलंय की फीसाठी फाइल अडवून धरता येत नाही. माझ्याच व्यवसायबंधूंनी किती बायकांना यावरून रडवलंय! ते जाऊ दे, वेळ नाही.

पैसे नसतील तर? विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्याखाली स्त्रीला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. घोडबंदरला चार फ्लॅट नावावर असले तरी. प्रकरणात तथ्य हवं, एवढंच. पुरुषांना बहुधा उत्पन्नाची अट लागते. कार्यालय ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातच आहे. नवी मुंबईकरांनी बेलापूरच्या कोर्टात विचारावं. पोटगी, घटस्फोट अशा दाव्यांत स्त्रियांना महाराष्ट्रात १९९४ पासून कोर्ट फीही माफ आहे. हे कारकुनालाही कधीकधी आठवण करून द्यावं लागतं.

कुटुंब न्यायालयात वकील हा हक्क नाही, न्यायाधीशांच्या परवानगीने उभा राहतो. म्हणजे तिथेही तुम्हालाच बोलायचंय. आधी समुपदेशक भेटतात, त्यांच्याशी भांडू नका. परस्परसंमतीच्या घटस्फोटात अर्जानंतर थांबायचे सहा महिने २०१७ च्या निकालानंतर योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात, आपोआप नाही. पोटगी मागताना दोघांनाही मिळकतीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, २०२० पासून. त्यात पगार लपवू नका, बँकेचं स्टेटमेंट बोलतं. हिंसाचाराच्या अर्जाला पहिली तारीख साधारण तीन दिवसांत द्यावी आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. आता हसू नका.

मुलांच्या ताब्याबद्दल बोलायचं राहिलंच. हॉल रिकामा करायचाय म्हणे. बरं, मोफत मदतीचा फोन लिहून घ्या: १५१००. नाही, मामा, तुम्ही नका लिहू. शेजारी भाची बसलीय ना, पेन तिच्याकडे द्या.